तिरक्या प्लॅनवरून दर्शनी नकाशा

शाळेची इमारत बहुधा रस्त्याला समांतर बांधली जाते. प्लॅनवर मात्र उत्तर दिशा वर ठेवण्याचा प्रघात असल्याने ती तिरकी दिसते. अशा प्लॅनवरून थेट खाली रेषा ओढून एलेव्हेशन, म्हणजे भिंतीचे समोरून दिसणारे दर्शनी दृश्य, काढल्यास लांबी घटते. ३० अंश कललेली १० मीटरची भिंत ८.६६ मीटर भरते. भिंत ३ मीटर उंच असेल, तर त्यावरून मोजलेल्या गिलाव्यात सुमारे ४ चौरस मीटरची तूट पडते आणि अंदाजपत्रक चुकते.

यावर मूळ प्लॅनच फिरवणे सोपे वाटते, पण त्यामुळे मोजणीच्या हद्दखुणांशी असलेला मेळ तुटतो. ऑटोकॅड या संगणकप्रणालीत 'यूसीएस' या आज्ञेने अक्ष भिंतीला समांतर करावेत व नंतर 'प्लॅन' या आज्ञेने पडद्यावरील दृश्य वळवावे. इमारत जागच्या जागी राहते. बदलते ती पाहण्याची दिशा. मग कोपरे, दारे व खिडक्या यांपासून खाली लंब रेषा ओढाव्यात व उंची जोत्याच्या पातळीपासून मोजावी.

हवी ती भिंत पडद्यावर इमारतीच्या खालच्या बाजूस यावयास हवी. ती वरच्या बाजूस राहिली, तर डावे-उजवे उलटते व दार भलत्याच टोकाला जाते. लांबी बरोबर असल्याने हा दोष सहज ध्यानात येत नाही. प्रत्येक भिंतीची अक्षरचना नाव देऊन जतन करावी.

ग्रामपंचायत सदस्यांनी मंजुरीपूर्वी प्लॅनवर लिहिलेली भिंतीची लांबी आणि दर्शनी नकाशातील लांबी ताडून पाहावी. त्यासाठी साधी मोजपट्टी पुरते.