बँकेची इंग्रजी शिकवताना

बँकेची इंग्रजी नुसती शब्दांची यादी हाती देऊन शिकवता येत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या प्रौढांना ‘प्रिन्सिपल’, ‘इंटरेस्ट’, ‘बॅलन्स’ चटकन पाठ होतात. खरे स्टेटमेंट समोर ठेवले की मात्र गाडी अडते, असा नेहमीचा अनुभव.

सर्वांत मोठा घोळ ‘क्रेडिट’चा. क्रेडिट कार्ड म्हणजे उधारी, हे आधीच ठाऊक असते. मग पगार आल्यावर खाते ‘क्रेडिटेड’ कसे? ठेवीदाराचे पैसे हे बँकेच्या दृष्टीने देणे, म्हणून ते वाढले की बँकेच्या वहीत जमेच्या बाजूला नोंद होते. जमा-नावे लिहिणाऱ्या दुकानदाराला हे लगेच पटते. इतरांना पासबुकाचे पानच दाखवावे, अर्थात खाते क्रमांक झाकून.

कर्जाची भाषा अधिक महागात पडते. एक लाख रुपये, 12 टक्के दर, 12 हप्ते असे कर्ज ‘फ्लॅट’ दराने घेतले, तर व्याज 12,000 रुपये आणि हप्ता सुमारे 9,333 रुपये. तेच ‘रिड्यूसिंग बॅलन्स’ने घेतले, तर हप्ता सुमारे 8,885 आणि एकूण व्याज साधारण 6,619 रुपये, कारण फिटलेल्या मुद्दलावर व्याज लागत नाही. जाहिरातीत दोन्हीकडे 12 टक्केच छापलेले असतात. हे दोन्ही हिशेब विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावेत. एरवी मान डोलावणारेही इथे प्रश्न विचारू लागतात.

कार्डाच्या बिलावरचा ‘मिनिमम ड्यू’ असाच फसवा. तेवढे भरले की लेट फी टळते, पण उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहते आणि नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. यूपीआयचा पिन पैसे पाठवण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नाही, हेही याच तासाला सांगून टाकावे.

पाठ्यपुस्तक शोधत बसण्यापेक्षा ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक, हाती घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी ते द्यावेच लागते, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. शुल्कांसह पडणारा वार्षिक दर, म्हणजे ‘एपीआर’, त्यात असतो. मराठी आणि इंग्रजी प्रती शेजारी ठेवून ओळीओळीने वाचाव्यात. चाचणी तोंडी घ्यावी: शिक्षकाने बँक अधिकारी व्हावे आणि विद्यार्थ्याने कर्ज मुदतीआधी फेडल्यास किती शुल्क लागेल, हे त्याला इंग्रजीत विचारावे.