स्तनांचा कर्करोग : चाळणी तपासणी आणि अतिनिदानाचा प्रश्न

नागपूर शहरातील रामदासपेठ आणि तिला लागून असलेली धंतोली या भागांत खाजगी दवाखाने, रुग्णालये व निदान केंद्रे यांची दाटी आहे. वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली येथूनच नव्हे, तर शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा व बालाघाट जिल्ह्यांतूनही रुग्ण येथे येतात. स्तनांच्या क्ष-किरण तपासणीसाठी, म्हणजे मॅमोग्राफीसाठी, येणाऱ्या स्त्रिया दोन प्रकारच्या असतात. एक, स्तनात गाठ हाताला लागली म्हणून आलेली. संकोचापायी तिने ती गोष्ट कित्येकदा महिनोन्महिने घरात कोणालाही सांगितलेली नसते. दुसरी, काहीही त्रास नसताना एखाद्या शिबिरातून किंवा 'सर्व तपासण्या एकाच दिवशी' अशा योजनेतून आलेली. यंत्र तेच असते. परंतु दोघींच्या बाबतीत त्याचा उपयोग अगदी निराळा होय.

हा भेद केवळ डॉक्टरांनी जाणावा असा नाही. आरोग्य शिबिरे भरविण्यात ग्रामपंचायती, महिला मंडळे व शाळा यांचा वाटा मोठा असतो. अशा वेळी 'तपासणी जितकी अधिक, तितके बरे' हे गृहीत धरले जाते. स्तनांच्या कर्करोगाबाबत गेल्या चार दशकांत जो अभ्यास झाला, त्यावरून हे गृहीत तपासून घेण्याची गरज दिसते.

अतिनिदान म्हणजे काय?

लक्षणे नसलेल्या निरोगी व्यक्तींची सरसकट तपासणी करून त्यांतून संशयित निवडून काढणे, याला चाळणी तपासणी म्हणतात. चाळणीत दोन प्रकारचे दोष संभवतात. पहिला, खोटी सूचना. छायाचित्रात डाग दिसतो, सुईने तुकडा काढून तपासला जातो आणि कर्करोग नाही असे ठरते. काही आठवडे जिवाला घोर लागतो, खर्च होतो. पण प्रकरण तेथे संपते.

दुसरा दोष अतिनिदानाचा. अतिनिदान म्हणजे चुकीचे निदान नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या पेशी कर्करोगाच्याच असतात. परंतु तो रोग इतका मंद असतो, किंवा एकाच जागी थांबलेला असतो, की तपासणी झाली नसती तर त्या स्त्रीला जन्मभर त्याचा पत्ताही लागला नसता. दुग्धनलिकेच्या आतच राहिलेल्या, बाहेर न पसरलेल्या कर्करोगाचे उदाहरण या बाबतीत विशेष लक्षात घ्यावे. मॅमोग्राफीचा प्रसार होण्यापूर्वी तो क्वचितच आढळे. आता पाश्चात्त्य देशांत चाळणीत सापडणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे पाचवा हिस्सा त्याचा असतो. त्यातला काही भाग पुढे पसरतो, काही पसरत नाही. आणि कोणाचा पसरेल हे आज कोणताही डॉक्टर खात्रीने सांगू शकत नाही. त्यामुळे बहुतेक सर्वांवर शस्त्रक्रिया होते, अनेकींना किरणोपचार दिले जातात, काहींचे स्तन काढले जातात.

अशा स्त्रीकडून कधीही तक्रार येत नाही, हे या प्रश्नाचे चमत्कारिक अंग आहे. उपचारानंतर ती बरी असते आणि 'वेळीच सापडले म्हणून वाचले' असे सर्वांना सांगते. तिचे म्हणणे खरे की नाही, हे तिला किंवा तिच्या डॉक्टरांना कळण्याचा मार्ग नाही. अतिनिदान एका रुग्णात दिसत नाही; ते हजारो स्त्रियांच्या आकडेवारीतच दिसते.

आकड्यांची फसवणूक

शिक्षकांना वर्गात मांडता येईल असे एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्यात वर्षाला १० स्त्रियांना गाठ लागून निदान होते आणि त्यांपैकी ४ पाच वर्षांत दगावतात. म्हणजे जगण्याचे प्रमाण ६० टक्के. आता तेथे चाळणी सुरू झाली आणि कधीही त्रास न देणारे आणखी ५ रोग सापडले. रुग्ण १५ झाले. मृत्यू मात्र ४ च राहिले. जगण्याचे प्रमाण ७३ टक्क्यांवर गेले! अहवालात ही मोठी प्रगती दिसेल, पण एकाही स्त्रीचा प्राण वाचलेला नाही. उलट पाच निरोगी स्त्रिया रुग्ण झाल्या. म्हणून चाळणीचे मोजमाप 'किती रुग्ण सापडले' किंवा 'सापडलेल्यांपैकी किती जगले' यावरून करू नये. एकूण लोकसंख्येत या रोगाने होणारे मृत्यू घटले काय, हाच खरा प्रश्न.

या दृष्टीने कॅनडात १९८० साली सुरू झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात ४० ते ५९ वयाच्या जवळजवळ ९० हजार स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकून निवडावे तसे दोन गट केले होते. एका गटाची मॅमोग्राफी पाच वर्षे दरवर्षी झाली, दुसऱ्याची झाली नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या २५ वर्षांच्या पाठपुराव्यात स्तनांच्या कर्करोगाने झालेले मृत्यू पहिल्या गटात ५०० आणि दुसऱ्यात ५०५ आढळले. चाळणीच्या गटात जादा सापडलेले रुग्ण कालांतराने दुसऱ्या गटात लक्षणांनिशी पुढे येऊन संख्या बरोबरीला यावयास हवी होती. तसे झाले नाही. तपासणीत सापडलेल्या पसरणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे २२ टक्के अतिनिदानाचे होते, असा निष्कर्ष निघाला. या अभ्यासातील यंत्रे व गटांची विभागणी यांवर क्ष-किरण तज्ज्ञांनी कडक टीका केली, हेही नमूद केले पाहिजे.

मॅमोग्राफीच्या बाजूचा पुरावाही आहे. ब्रिटनमध्ये सर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने २०१२ साली सर्व चाचण्या एकत्र तपासल्या. ५० व्या वर्षापासून २० वर्षे १० हजार स्त्रियांना बोलावल्यास ४३ मृत्यू टळतील आणि १२९ स्त्रियांचे अतिनिदान होईल, असा तिचा अंदाज होता. एका प्राणामागे तीन अनावश्यक रुग्ण. हा सौदा पत्करावा की नाही, याबद्दल दोन सुजाण स्त्रियांची मते भिन्न असू शकतील. परंतु तो सौदा आहे एवढे तरी त्यांना आधी सांगावयास हवे.

मुंबईचा वीस वर्षांचा प्रयोग

परदेशांतील आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. भारतात स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने पुष्कळच कमी आहे. आपल्या लोकसंख्येत तरुण स्त्रिया अधिक असल्याने रुग्णांचे सरासरी वयही कमी दिसते, आणि तरुण वयात स्तनांची ऊती दाट असल्यामुळे छायाचित्रात गाठ ओळखणे कठीण जाते. रोग विरळ असला की चाळणीत खोट्या सूचनांचे प्रमाण वाढते. मात्र रोग आपल्याकडे किरकोळ आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू होते. रुग्णांच्या मानाने मृत्यूंचे हे प्रमाण उशिरा होणाऱ्या निदानाकडे आणि अपुऱ्या उपचारांकडे बोट दाखविते.

यावर उपाय कोणता, याचा शोध मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने घेतला. १९९८ साली सुरू झालेल्या या प्रयोगात मुंबईतील २० वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा समावेश होता. दहा वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, स्त्रियांचे स्तन हाताने तपासले. उरलेल्या दहा वस्त्यांत केवळ आरोग्यविषयक माहिती देण्यात आली. मॅमोग्राफीचा चाळणीसाठी उपयोग केलेला नव्हता. सेविका डॉक्टर नव्हत्या, परिचारिकाही नव्हत्या.

निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात वाढलेल्या अवस्थेतील, म्हणजे तिसऱ्या व चौथ्या टप्प्यातील, रुग्ण ३७ टक्के होते. दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट मिळून घट १५ टक्के भरली, परंतु ती योगायोगाची नसेलच असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर म्हणता येत नाही. आणि पन्नाशीच्या आतील स्त्रियांत लाभ दिसला नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने याहूनही अर्थपूर्ण बाब अशी की, दोन्ही गटांत सापडलेल्या रुग्णांची एकूण संख्या जवळपास सारखीच राहिली. म्हणजे हाताच्या तपासणीने रोग लवकर सापडला, पण नवे अनावश्यक रुग्ण निर्माण झाले नाहीत. बोटांना लागण्याइतकी गाठ बहुधा खरोखरच वाढणारी असते. यंत्राला दिसणारा प्रत्येक ठिपका तसा असेलच असे नाही. साधन साधे असण्याचा येथे फायदाच झाला.

शिबिर भरविताना

केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने स्तनतपासणी करावयाची आहे. संशय आल्यास पुढील केंद्राकडे पाठवावयाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१४ साली, साधने तोकडी असलेल्या देशांनी लक्षणे दिसलेल्या स्त्रियांचे लवकर निदान आणि तत्काळ उपचार यांना प्राधान्य द्यावे, असे सुचविले. मॅमोग्राफीचे खरे स्थान येथे आहे. गाठ लागलेल्या, स्तनाग्रातून रक्त येणाऱ्या किंवा त्वचा आत ओढली गेलेल्या स्त्रीसाठी ती अत्यंत उपयुक्त आहे आणि तिने त्या तपासणीस एक दिवसही विलंब लावू नये. आई किंवा बहिणीला हा रोग झाला असेल, तर निर्णय तज्ज्ञाच्या सल्ल्याने वेगळा होऊ शकतो.

तेव्हा मॅमोग्राफीच्या फिरत्या गाडीसाठी ग्रामपंचायतीकडे निधी किंवा जागा मागितली गेली, तर सदस्यांनी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. कोणत्या वयाच्या स्त्रियांना बोलावणार? तिशी-चाळिशीतील स्त्रियांना सरसकट बोलावले जात असेल तर कशाच्या आधारे? डाग दिसल्यास तुकड्याची तपासणी कोठे होणार आणि तिचा खर्च कोण सोसणार? अतिनिदानाची माहिती स्त्रियांना मराठीत, सही घेण्यापूर्वी, दिली जाईल काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा मिळत नाही, असा अनुभव आहे.

त्याच निधीतून दुसरे एक काम होऊ शकते. उपकेंद्रात हाताने तपासणी होते, संशयित स्त्रीला चिठ्ठी दिली जाते आणि पुष्कळदा ती चिठ्ठी घरातच राहते. सुगीचे दिवस असतात, सोबतीला कोणी नसते, नागपूरला तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा मेडिकलमध्ये कोणाला भेटावे हे ठाऊक नसते. अशा स्त्रियांची नोंद आशा सेविकेकडे असते. चिठ्ठी दिल्याची तारीख, रुग्णालयात पोहोचल्याची तारीख आणि निदान हाती आल्याची तारीख असे तीन रकाने त्या नोंदीत असावेत, पोहोचल्याचा रकाना पंधरा दिवस कोरा राहिला तर आरोग्य समितीने त्या घरी जावे, आणि एस.टी.चे भाडे व सोबतीच्या बाईची रोजी यांची तरतूद ठरावात करून ठेवावी.