पीएचडी झाली, आता अर्ज कुठे?

प्रश्न : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातून इतिहासात पीएचडी झाली. नेट-सेट नाही, तीन वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो. सहायक प्राध्यापक होता येईल का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : होय. यूजीसीच्या 2009 किंवा 2016 च्या नियमांनुसार पीएचडी झाली असेल, तर नेट-सेटमधून सूट आहे. तसे प्रमाणपत्र विद्यापीठाकडून आजच मागून ठेवा. जाहिरात आल्यावर धावपळ करणाऱ्यांची दमछाक मी पाहिली आहे.

तरीही सेट द्याच. 2018 च्या नियमावलीत विद्यापीठातील छाननीसाठी पीएचडीला 30 गुण आहेत, सेटला अवघे 3. पण महाविद्यालयांसाठी तक्ता वेगळा : पीएचडीला 25, सेटला 5. पदे थोडी आणि अर्जांचा ढीग असतो, तिथे हे गुणही जड भरतात. आधी जाहिरातीतली गुणपद्धती मात्र वाचा, ती बदलू शकते.

तासिकांच्या नेमणूकपत्रांसोबत विद्यापीठाची मान्यतापत्रे आहेत ना? नसतील तर अनुभव मोजून घेणे कठीण. बिंदुनामावलीत आपल्या प्रवर्गाची जागा आहे का, तेही पाहा. आणि पुणे, मुंबई, गोव्याच्या जाहिराती सोडू नका. घराजवळचीच जागा हवी म्हणून वर्षे घालवणारे बरेच आहेत.