म्हशींमधील गोचीडताप

पंढरपुरी, नागपुरी व मराठवाडी या म्हशींच्या जाती महाराष्ट्राचे मौलिक पशुधन होत. संकरित गाईच्या तुलनेत म्हैस गोचीडतापाला सहसा लवकर बळी पडत नाही. याच कारणाने तिच्या तपासणीकडे दुर्लक्ष होते. वरकरणी निरोगी दिसणाऱ्या म्हशीच्या रक्तातही या रोगाचे जंतू असू शकतात.

रोगाचा प्रसार

थायलेरिया ॲन्युलाटा या एकपेशीय परजीवीचे वर्णन १९०४ साली कॉकेशस भागातील गुरांच्या अभ्यासातून प्रथम झाले. हायलोमा जातीचे गोचीड त्याचा प्रसार करतात. बाधित जनावराचे रक्त शोषताना परजीवी बाल्यावस्थेतील गोचिडाच्या शरीरात जातो आणि तोच गोचीड प्रौढ झाल्यावर दुसऱ्या जनावरास चावला की लाळेवाटे त्याच्या रक्तात उतरतो. प्रथम पांढऱ्या पेशींत व नंतर तांबड्या पेशींत त्याची वाढ होऊन रक्तक्षय होतो.

लक्षणे

रोग बळावल्यास १०४ ते १०६ अंश फॅरनहाइट ताप येतो. खांद्यापुढील लसीकाग्रंथी सुजतात, डोळ्यांच्या आतील त्वचा फिकट पडते, धाप लागते, दूध घटते. क्वचित गाभण म्हैस गाभडते. बरी झालेली म्हैसही दीर्घकाळ रोगवाहक राहते. तिच्या शेजारी बांधलेली संकरित गाय मात्र त्याच रोगाने दगावू शकते. अल्पभूधारकाच्या संसारावर हा मोठाच आघात ठरतो.

उपाययोजना

ताप येताच पशुवैद्यकाकडून रक्ताची काचपट्टी तपासून घ्यावी. निदानानंतर बुपारव्हाक्वोन हे औषध वजनाच्या दर किलोस २.५ मिलिग्रॅम या प्रमाणात पशुवैद्यकानेच टोचावे. उपचार लवकर झाल्यास गुण येतो.

गोचीड चिकटल्यानंतर त्याच्या लाळेतील जंतू परिपक्व होण्यास साधारणतः दोन-तीन दिवस लागतात. म्हणून रोजचा खरारा व गोचीड वेचणे हा बिनखर्चाचा प्रभावी उपाय होय. वेचलेले गोचीड गोठ्यात न टाकता रॉकेलमध्ये बुडवून मारावेत. एक मादी हजारो अंडी घालते. भिंतींच्या भेगा लिंपाव्यात आणि गोचीडनाशकाची फवारणी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावी.

एकाच गोठ्यात केलेली फवारणी फार काळ टिकत नाही. शेजारच्या गोठ्यातून गोचीड पुन्हा येतात. ग्रामपंचायतीने सर्व गोठ्यांची स्वच्छता व फवारणी एकाच वेळी घडवून आणल्यास आणि शिक्षकांनी ही माहिती घरोघरी पोहोचविल्यास गावाचे पशुधन सुरक्षित राहील.