द्राक्षवेलीच्या दोन छाटण्या

द्राक्ष ही मूळची समशीतोष्ण प्रदेशातील वेल. फ्रान्स, इटली या देशांत हिवाळ्यात तिची पाने गळतात, वेल विश्रांती घेते आणि थंडी सरता सरता वर्षातून एकदाच तिची छाटणी होते. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत तेवढी थंडी पडत नाही. वेल बाराही महिने वाढत राहते आणि तिच्या वाढीला वळण कात्रीनेच द्यावे लागते. म्हणून महाराष्ट्रातील बागाइतदार दोन छाटण्या करून एक पीक घेतो: एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधील गोडी छाटणी.

गोडी छाटणीनंतर सुमारे चार महिन्यांत माल हाती येतो. साहजिकच सर्वांचे लक्ष तिच्याकडे असते. खरड छाटणी मात्र काढणी लांबली, मजूर मिळाले नाहीत, विहिरीने तळ गाठला अशा कारणांनी पुढे ढकलली जाते. पिकाची हानी बहुधा येथेच सुरू होते.

खरड छाटणीत ओलांड्यावरील जुन्या काड्या बुडाशी एक डोळा राखून कापतात. त्या डोळ्यातून नवी काडी फुटते आणि छाटणीनंतर साधारणतः ४० ते ७० दिवसांच्या काळात तिच्या डोळ्यांत पुढील हंगामाचा सूक्ष्म घड आकार घेतो. या काळात काडीवर भरपूर ऊन पडणे अत्यावश्यक असते. १० एप्रिलला छाटलेल्या बागेत हा काळ २० मे ते १९ जून असा येतो. त्यातील बरेच दिवस निरभ्र असतात. तीच छाटणी १० मे रोजी केली तर तो १९ जून ते १९ जुलै, म्हणजे ऐन पावसाळी ढगांत सापडतो. ढगाळ हवेत घडाऐवजी बाळी तयार होण्याचे प्रमाण वाढते. बाग हिरवीगार दिसते, पण काडी वांझ राहते. आणि ऑक्टोबरची कात्री कितीही कुशल असली तरी काडीत नसलेला घड तिला काढता येत नाही.

पहिले ४० दिवस फुटव्यांच्या वाढीसाठी पाणी पुरेसे हवे. कालवा सल्लागार समितीत उन्हाळी आवर्तनाच्या तारखा ठरतात तेव्हा द्राक्षपट्ट्यातील ही निकड लोकप्रतिनिधींनी मांडणे योग्य ठरेल. त्यानंतर मात्र पाणी आणि नत्र दोन्ही आवरते घ्यावे, अन्यथा वेल केवळ वाढतच राहते. काडी सात पानांवर असताना शेंडा खुडतात व वरचा एक फुटवा पुढे वाढू देतात. यालाच बागाइतदार ‘सबकेन’ म्हणतात. बगलफुटी वेळीच काढाव्यात आणि काड्यांची विरळणी करावी. दाट पानांच्या सावलीतील डोळे फळत नाहीत.

ऑक्टोबरपूर्वी काही काड्या प्रयोगशाळेत देऊन सूक्ष्मदर्शकाखाली डोळे तपासून घ्यावेत, म्हणजे घड कितव्या डोळ्यात आहे ते कळते. थॉमसन सीडलेस किंवा तास-ए-गणेश या जातींत सरळ काडी सामान्यतः सहा ते आठ डोळ्यांवर, तर सबकेनची काडी गाठीपुढे एक-दोन डोळे ठेवून कापतात. लवकर छाटणाऱ्यास भाव चांगला मिळतो, मात्र परतीच्या पावसाचा धोका तोच पत्करतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पावसाने नाशिक जिल्ह्यातील अशा अनेक बागा डावणीने आणि कुजीने गेल्या. फार उशीर केल्यास निफाडसारख्या भागातील थंडीत मण्यांची वाढ रेंगाळते.

छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे द्रव्य विषारी असून त्वचेवाटे शरीरात जाते. पेठ, सुरगाण्याकडून दिंडोरी-निफाडला येणाऱ्या मजुरांना ते काम देताना रबरी हातमोजे व चष्मा मालकाने पुरवावा. त्या दिवशी, तसेच त्याच्या आदल्या व नंतरच्या दिवशीही मद्यपान केल्यास विषबाधा तीव्र होते, ही गोष्ट मजुरांना त्यांच्या बोलीत समजावून सांगितली पाहिजे. डब्यावरील बारीक अक्षरातील सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.