कॉलेज सोडून धंदा करायचा? आधी ‘नाकारलेल्या ऑर्डरची वही’ भरा



मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न भांडवलाचा नसतो आणि लायसन्सचाही नसतो. तो असा असतो : “सर, सेकंड इयरला आहे. अभ्यासात मन लागत नाही. धंदाच करायचाय. कॉलेज सोडू का?”

व्हिडिओमध्ये याचं उत्तर थोडक्यात दिलं होतं. पण हा आकडेमोडीचा विषय आहे, कागदावर मांडल्याशिवाय डोक्यात बसत नाही. म्हणून हा धडा लिहून देतोय. वही-पेन घेऊनच वाचा.

आधी मी कुठे उभा आहे ते सांगतो. मी बीबीए पूर्ण केलंय आणि माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. पाऊच, बरण्या, बॉक्स, लेबल, सीलिंग मशीन असा माल. मसालेवाले, फरसाणवाले, केक करणाऱ्या ताई, साबण बनवणारी पोरं, नवीन धंदा सुरू करणारा प्रत्येक जण माझ्या काउंटरवर येतो. तिथे उभं राहून एक गोष्ट पक्की कळते : पहिली ऑर्डर सगळेच देतात, दुसरी ऑर्डर ज्याचा माल विकला जातो तोच देतो. डिग्री असलेलेही परत येत नाहीत आणि दहावी झालेलेही दर पंधरा दिवसांनी येतात. त्यामुळे “डिग्री लागतेच” असंही मी म्हणणार नाही आणि “डिग्री म्हणजे नुसता कागद” असंही म्हणणार नाही.

कॉलेज सोडल्यावर नेमकं काय मिळतं?

फक्त एक गोष्ट मिळते. वेळ.

कॉलेज सोडलं म्हणून ग्राहक वाढत नाहीत. भांडवल येत नाही. हाताला कसब येत नाही. दिवसाचे पाच-सहा तास मोकळे होतात, बस. मग खरा प्रश्न असा : तुमचा धंदा आज वेळेमुळे अडलाय का?

धंदा तीन ठिकाणी अडतो : ग्राहक नाहीत, पैसा नाही किंवा वेळ नाही. पहिल्या दोन ठिकाणी अडला असेल तर कॉलेज सोडून काहीच सुटत नाही. उलट घरचे रोज विचारणार, “काय झालं तुझ्या धंद्याचं?” आणि त्या दडपणाखाली तुम्ही माल उधारीवर द्यायला लागणार.

आणि धंदा अजून सुरूच नसेल, नुसती आयडिया असेल, तर हा प्रश्न आज तुमच्यासाठी नाहीच. आधी शनिवार-रविवारात दहा अनोळखी लोकांना काहीतरी विका. मित्र, मावशी, काकू धरायच्या नाहीत. ते प्रेमापोटी घेतात.

मोठ्या लोकांचं उदाहरण देता ना, मग पूर्ण द्या

बिल गेट्सने हार्वर्ड सोडलं हे सगळ्यांना पाठ आहे. पण १९७५ मध्ये मायक्रोसॉफ्ट सुरू झाली तेव्हा गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांच्याकडे एमआयटीएस नावाची कंपनी ग्राहक म्हणून होती. तिच्या अल्टेअर कॉम्प्युटरसाठी त्यांनी बेसिक भाषा लिहून दिली होती. म्हणजे ग्राहक आधी आणि कॉलेज सोडणं नंतर.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे, आजचं व्हीजेटीआय. नोकरी चालू असतानाच ते मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला भावाकडे पाठवायचे आणि भाऊ तिथे विकायचा. किर्लोस्करवाडी उभी राहिली १९१० मध्ये. म्हणजे आधी जोडधंदा, मग झेप.

वही कशी भरायची?

आता मुख्य काम. शंभर पानी वही घ्या. पुढचे आठ आठवडे, जी ऑर्डर *केवळ वेळ नव्हता म्हणून* नाकारली तिची एक ओळ लिहायची. चार रकाने : तारीख, काय मागितलं, किती नफा सुटला असता, का नाकारली.

चौथ्या रकान्यात खोटं लिहायचं नाही. “लेक्चर होतं” हे वेळेचं कारण. “माल भरायला पैसे नव्हते” हे पैशाचं. “भाव जमला नाही” हे ग्राहकाचं. आठ आठवड्यांनी फक्त वेळेच्या ओळींची बेरीज करा.

समजण्यासाठी दोन उदाहरणं घेऊ. आकडे मी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

*उदाहरण १ : कांदा-लसूण मसाला.* मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. महिन्याला ४० किलो मसाला जातो. सगळा खर्च वजा जाता किलोमागे ११० रुपये सुटतात, म्हणजे महिन्याला ४,४०० रुपये. आठ आठवड्यांनी वहीत वेळेच्या ओळी किती? दोन. हा धंदा ग्राहकांपाशी अडलाय. उद्या कॉलेज सोडलं तरी मसाला ४० किलोच जाणार. तिने शनिवारी सकाळी दहा किराणा दुकानांत आणि खानावळींत ५० ग्रॅमचे नमुने द्यावेत, पुढच्या शनिवारी परत जाऊन विचारावं. त्यासाठी कॉलेज आड येत नाही.

*उदाहरण २ : मोबाईल रिपेअरिंग.* मुलगा बी.एस्सी.ला, तीन सेमिस्टर बाकी. गाळा संध्याकाळी ५ ते ९ उघडा. एका कामामागे पार्टचा खर्च वजा जाता २५० रुपये. सकाळी शटर बंद असतं, लोक शटरवरचा नंबर बघून फोन करतात. वहीत आठ आठवड्यांत ९६ फोन, म्हणजे आठवड्याला १२. त्यातले निम्मे खरे गिऱ्हाईक धरा, आठवड्याला ६ कामं. ६ गुणिले २५० म्हणजे १,५००. महिन्याचे ६,०००.

बघा, इथे धंदा खरोखर वेळेमुळे अडलाय. मग सोडायचं का कॉलेज? थांबा, अजून एक पायरी आहे.

वेळ विकत मिळतो का?

सकाळी शटर उघडून बसायला, फोन जमा करून तक्रार लिहून घ्यायला अर्धा दिवस एक पोरगा ठेवला आणि त्याला महिना ५,००० दिले, तर ६,००० येऊन ५,००० जातील. हातात १,०००, आणि कॉलेज चालूच. कॉलेज सोडून स्वतः बसलात तर ६,००० पूर्ण तुमचे. फरक महिन्याला ५,००० चा.

तीन सेमिस्टर म्हणजे १८ महिने. १८ गुणिले ५,००० म्हणजे ९०,०००. त्यात उरलेली फी समजा २०,०००. एकूण १,१०,०००. ही त्या मुलासाठी डिग्रीची खरी किंमत. फीच्या पावतीवर ती कधीच दिसत नाही.

आता त्याने ठरवायचं : एक लाख दहा हजारांना हा विमा घ्यायचा का? मी विमा म्हणतो, कारण नोकरीच्या बाजारात डिग्रीचं काम तेच आहे. बँकेची क्लार्कची परीक्षा, एमपीएससी राज्यसेवा, एमबीएचा प्रवेश, सगळीकडे पदवी मागतात. धंदा बसला तर हे दरवाजे उघडे राहावेत म्हणून हा हप्ता. या आकड्याला मी तरी त्याला “घे” म्हणेन.

पण काम असं असेल की ते फक्त तुमच्याच हातचं आहे, माणूस ठेवून भागत नाही, आणि वहीची बेरीज महिन्याला २४,००० येते, तर? १८ महिन्यांचे ४,३२,००० होतात. मग हप्ता फार महाग झाला. तिथे ब्रेक घ्यायचा विचार रास्त आहे.

धंद्यासाठी डिग्री कोण मागतं?

जवळपास कोणीच नाही, हेही स्पष्ट सांगतो. उद्यम नोंदणी मोफत आणि ऑनलाइन आहे, तिथे शिक्षणाची अट नाही. मुद्रा योजनेत शिशु कर्ज ५०,००० पर्यंत आणि किशोर ५ लाखांपर्यंत मिळतं. तिथे धंदा आणि परतफेडीची ताकद बघतात, मार्कशीट नाही. पीएमईजीपीमध्ये उत्पादनाचा प्रकल्प १० लाखांच्या वर किंवा सेवेचा ५ लाखांच्या वर असेल तर किमान आठवी पास लागतं. म्हणजे डिग्री नाही म्हणून धंदा अडत नाही, आणि डिग्री आहे म्हणून बँक धावत येत नाही.

सोडणे आणि थांबणे यात फरक आहे

बरेच जण कॉलेज ‘सोडत’ नाहीत, नुसते गायब होतात. फॉर्म भरत नाहीत, एटीकेटीचे विषय तसेच राहतात, चार वर्षांनी परत जायचं म्हटलं तर सिलॅबस बदललेला असतो. असं करू नका. आधी हे मार्ग तपासा :

१. नवीन शैक्षणिक धोरण, २०२०. या पद्धतीत प्रवेश असेल तर एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी ठरलेले क्रेडिट आणि व्यवसाय कौशल्याचा छोटा कोर्स पूर्ण लागतो. क्रेडिट अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात आणि परत येऊन पुढे शिकता येतं. दुसरं वर्ष संपायला तीन महिने असतील तर ते संपवूनच बाहेर पडा. अर्धवट वर्ष म्हणजे अर्धवट शिवलेला शर्ट, कुणाच्याच अंगात बसत नाही.

२. सेमिस्टर ब्रेक. केंद्र सरकारच्या २०१९ च्या नॅशनल इनोव्हेशन अँड स्टार्टअप पॉलिसीने विद्यार्थ्याला स्टार्टअपसाठी सेमिस्टर किंवा वर्षाची सुट्टी देऊन परत घ्यावं, असं संस्थांना सुचवलंय. तुमच्या कॉलेजने ती स्वीकारली आहे का, ऑफिसमध्ये लेखी विचारा.

३. मुक्त विद्यापीठ. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. रोजची हजेरी नाही, धंदा सांभाळून पदवी होते.

मूळ कागद ताब्यात घ्यायची घाई करू नका. आधी पुढच्या प्रवेशाची खात्री करा, मग टीसी काढा.

स्वतःला विचारायचा अवघड प्रश्न

“सगळे विषय सुटले असते, पेपर सोपे गेले असते, तरी मी कॉलेज सोडलं असतं का?”

उत्तर “नाही” असेल, तर तुम्ही धंद्याकडे जात नाही आहात, परीक्षेपासून पळताय. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ओळखा. कारण कंटाळवाणं काम धंद्यातही आहे. उधारी मागायला चौथ्यांदा जाणं, जीएसटीची बिलं लावणं, परत आलेला माल मोजणं. नावडता पेपर आला की उठून जायची सवय असेल, तर धंद्यातला नावडता पेपर रोज सकाळी येतो.

दुसऱ्या बाजूने, काहींचं उत्तर ठाम “हो” असतं. वही भरलेली असते, गिऱ्हाईक थांबलेलं असतं. त्यांना केवळ “लोक काय म्हणतील” म्हणून अडवणं हेही नुकसानच आहे.

आई-बाबांशी कसं बोलायचं?

“माझ्यावर विश्वास ठेवा” म्हणू नका. त्यांचा विश्वास आहे, त्यांना भीती वाटते. फी भरताना त्यांनी काय बाजूला ठेवलं ते त्यांनाच माहीत. उद्या पाहुणे “पोरगा काय करतो?” विचारणार, स्थळं बघताना शिक्षण विचारणार, ही चिंता खरी आहे. ती उडवून लावू नका. चार गोष्टी समोर ठेवा :

- आठ आठवड्यांची वही.
- मागच्या सहा महिन्यांचा जमा-खर्च. घरचं जेवण, गाडीचं पेट्रोल, आईने दिलेली मदत, याचेही पैसे खर्चात धरून.
- सहा महिने धंदा थंड गेला तरी भाडं आणि हप्ते भागतील इतकी शिल्लक. ही शिल्लक तुमची हवी, फीसाठी ठेवलेले किंवा हातउसने घेतलेले पैसे नकोत.
- परतीची तारीख. “बाबा, पुढच्या जूनपर्यंत महिन्याला अमुक इतके सुटले नाहीत, तर मी प्रवेश घेणार,” हे कागदावर लिहून, खाली सही करून.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तारीख नसेल तर “अजून दोन महिने” म्हणत तीन वर्षं निघून जातात.

या धड्याचा गृहपाठ

आजच्या तारखेने वहीचं पहिलं पान सुरू करा. आठ आठवडे होईपर्यंत कॉलेजबद्दल कोणताही निर्णय घ्यायचा नाही, कुणी कितीही जोशात भाषण दिलं तरी. आणि या काळात छापील पाऊच, मोठी मशीन असा खर्च करू नका. साधा पाऊच आणि स्टिकर पुरेसा आहे. छापील पाऊचसाठी एकदम मोठी ऑर्डर द्यावी लागते, आणि नाव बदललं की सगळा माल रद्दी. हे मी विक्रेता असून सांगतोय.

आठ आठवड्यांनी वही कोरी निघाली, तर सुट्टीच्या दिवशी ग्राहक शोधायला बाहेर पडा आणि सोमवारी लेक्चरला बसा. वही भरलेली निघाली, तर आई-बाबांसोबत बसून १८ महिन्यांचा गुणाकार करा. उत्तर तुमच्याच अक्षरात समोर असेल.

भेटू पुढच्या धड्यात. विषय : पहिली उधारी कुणाला द्यायची आणि कुणाला नाही.