ग्रेंडन येथील बंदिशाळा

शिक्षा भोगून कोणी गावी परतला म्हणजे आपल्या लोकांत एक प्रश्न हटकून निघतो : हा खरोखर बदलला आहे काय? मनुष्य बंदिशाळेतच कसा बदलू शकेल, ह्याचा एक प्रयोग इंग्लंडात बरीच वर्षे चालू आहे. तो उपदेशक बंधूंनी समजून घेण्याजोगा आहे.

बकिंगहॅमशायर परगण्यात ग्रेंडन नावाची बंदिशाळा आहे. अशी निराळी संस्था असावी, अशी शिफारस ईस्ट व ह्यूबर्ट ह्या दोघा वैद्यांनी १९३९ सालीच केली होती. परंतु महायुद्ध आडवे आले आणि प्रत्यक्ष आरंभ १९६२ साली झाला. येथील पुष्कळ कैदी खुनासारख्या घोर अपराधांबद्दल शिक्षा भोगीत असतात. येथे कोणासही सक्तीने आणीत नाहीत. कैद्याने स्वतः अर्ज करावयाचा, आणि नकोसे झाल्यास साध्या तुरुंगात परत जावयाचे.

येथील औषध म्हणजे बोलणे. सातआठ जणांचा गट आठवड्यातून अनेकदा बसतो, व आपण काय केले आणि ते कोणास भोगावे लागले, हे प्रत्येकास सांगावे लागते. समजा, एकजण म्हणाला, "दारूच्या नशेत हातून घडले." शेजारचा लागलीच विचारील, "मग सुरी घरूनच का नेली होतीस?" हाच प्रश्न न्यायाधीशाने विचारिला तर मनुष्य वकिलाकडे पाहतो, सोबत्याने विचारिला म्हणजे खाली पाहतो.

सबंध विभागाची सभाही भरते, आणि तिचा अध्यक्ष कैद्यांतूनच निवडितात. कोणी मारामारी केली किंवा मादक पदार्थ घेतला, तर त्याने येथे राहावे की नाही ह्यावर सोबती मत देतात. अखेरचा निर्णय अधिकाऱ्यांचा असतो. उद्या हीच पाळी आपल्यावर येईल, हे मत देणाऱ्यास पक्के ठाऊक असते. (आमच्या मंडळ्यांच्या पंचांस हे क्वचितच आठवते.)

हा उपाय रामबाण आहे असे मात्र कोणी समजू नये. २०१० साली तेथेच एका कैद्याने दुसऱ्याचा जीव घेतला. पाहणी करणाऱ्यांस असे आढळले की, १८ महिने किंवा अधिक काळ राहिलेल्यांत पुन्हा अपराध घडण्याचे प्रमाण कमी होते. लवकर निघून गेलेल्यांत तसा लाभ दिसला नाही. ह्या १८ महिन्यांकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधितो. आपल्याकडे एका रविवारी पश्चात्ताप बोलून दाखविला की आपण समाधान मानितो, आणि पुढल्या महिन्यात तो घसरला की दार लावून घेतो. ज्या गावी असा मनुष्य परतला असेल, तेथे उपदेशकाने दोघातिघा प्रौढ बंधूंस घेऊन दर आठवड्यास एक संध्याकाळ त्याच्याजवळ बसावे. त्यांपैकी एकजण पूर्वी स्वतः घसरून सावरलेला असल्यास अधिक बरे.